यमदीप दक्षिणेला, दक्षता चहूदिशांना

आश्विन वद्य त्रयोदशीच्या सांजवेळी घराबाहेर कणकेचा दिवा लावून त्याची ज्योत दक्षिणेकडे करण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर आहे. एरवी दक्षिणेकडे वात करणे अशुभ मानणारा आपला समाज ह्या एका दिवशी ती जाणूनबुजून तिकडे वळवितो. हा दिवा यमधर्मासाठी असतो, आणि मागणे एकच असते : घरातल्या कोणालाही अपमृत्यू येऊ नये.

ह्या दीपदानामागची हेमराजाच्या पुत्राची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. विवाहानंतर चौथ्या दिवशी त्याला सर्पदंशाने मृत्यू येणार, असे भाकीत होते. त्या रात्री नववधूने महालाच्या दाराशी सोन्यारुप्याचे ढीग रचले, चहूकडे दिवे उजळले आणि पतीला झोप लागू नये म्हणून ती पहाटेपर्यंत गोष्टी सांगत राहिली. सर्परूपाने आलेला यम त्या तेजाने दिपला, गोष्टी ऐकत बसला आणि उजाडताच रित्या हाताने परतला.

कथेची चिकित्सा पंडितांनी करावी. आम्हांस मात्र त्या नववधूच्या चातुर्याचे मोठे कौतुक वाटते. संकट केव्हा येणार हे तिने जाणून घेतले, ते कोणत्या दाराने येणार हे ओळखले, अंधाराला जागा ठेवली नाही, आणि स्वतः जागी राहिली. घराच्या सुरक्षिततेचे सारे शास्त्र ह्या चार गोष्टींत सामावलेले आहे. यमदीप लावणाऱ्या प्रत्येक घराने त्यांचेही अनुकरण करावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

राहनाळचे उदाहरण

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने खाडी ओलांडली की कशेळी, काल्हेर, पूर्णा अशी गावे मागे पडतात आणि अंजूरफाट्याच्या परिसरात राहनाळ लागते. एकेकाळी भाताच्या खाचरांत वसलेला हा मुलूख. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापडाचे कितीतरी काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. पुढे मुंबईची जकात चुकविता यावी म्हणून वेशीबाहेर माल साठविण्याची सोय व्यापाऱ्यांना हवी होती. ती ह्या गावांनी पुरविली. २०१७ साली जकात गेली, गोदामे मात्र राहिली आणि वाढलीही. आज मुंबईकरांनी घरबसल्या मागविलेल्या कितीतरी वस्तू ह्याच पट्ट्यातल्या गोदामांतून निघतात.

अशा वस्तीत घर आणि गोदाम ह्यांच्यातले अंतर कधी एका भिंतीचे, तर कधी एका छताचे असते. खाली गाळा, वर बिऱ्हाड. पलीकडे कापडाचे तागे, पुठ्ठा, प्लॅस्टिक, फर्निचर. जुन्या घराच्या पडवीला लागून भाड्याच्या खोल्या, आणि त्यांत मागावर किंवा हमालीवर आलेली परप्रांतीय माणसे. येथे एका स्वयंपाकघरातली ठिणगी एका कुटुंबापुरती राहत नाही. १२ मे २०२५ रोजी भिवंडीजवळच्या वडपे येथे गोदामांच्या एका संकुलाला आग लागली, तेव्हा वीसहून अधिक गोदामे भस्मसात झाली. आगीचा बंब तातडीने निघाला तरी त्याला कंटेनरांच्या रांगांतून वाट काढावी लागते. म्हणून पहिली दहा मिनिटे घरच्यांची आणि शेजाऱ्यांची असतात, हे राहनाळसारख्या गावाने विसरून चालणार नाही.

आता कोणी म्हणेल, सणासुदीच्या धांदलीत हा नवा व्याप कशाला? आमचे सांगणे असे की, नवा व्याप नकोच. दिवाळीचा प्रत्येक दिवस आठवण न करता येतो आणि त्या दिवशी काय करावयाचे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्या प्रत्येक दिवसाला पाव तासाचे एकेक काम जोडून दिले, तर वर्षभर 'करू, करू' म्हणून राहिलेली कामे सणाबरोबर आपसूक उरकतात.

फराळाचा घाणा

सणाची खरी सुरुवात कढईपासून होते. चकल्या, करंज्या, शेव ह्यांचे घाणे तास-तास चालतात. मध्येच दाराशी कोणी येते किंवा फोन वाजतो, आणि कढईकडचे लक्ष उडते. तेल पेटण्यापूर्वी धूर देऊन सूचना देते. धूर दिसताच आच बंद करावी. तेल पेटलेच, तर गॅस बंद करून कढईवर मोठे झाकण किंवा परात सरकवावी व ती निवेपर्यंत उचलू नये. पाणी मुळीच ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाते, तेथे त्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे सतराशे पट जागा मागते आणि पेटते तेल छतापर्यंत उडविते. घाण्याला बसण्यापूर्वीच योग्य मापाचे झाकण हाताशी ठेवणे, एवढीच ह्याची पूर्वतयारी.

त्याच वेळी सिलिंडरकडेही पाहावे. त्याच्या कड्याखालील पट्टीवर इंग्रजी अक्षर व वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती त्या सिलिंडरच्या पुढील चाचणीची मुदत होय. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करावा. रबरी नळीला भेगा नसल्या तरी पाच वर्षांनी ती बदलावी. खोल्यांतून राहणारे कामगार पुष्कळदा मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून घेतात. हा व्यवहार म्हणजे उघड उघड मृत्यूला आमंत्रण आहे. घरमालकाने भाडेकरूस हे त्याच्या भाषेत, गोडीने समजावून सांगावे.

वसुबारस : गोठ्याच्या जागी दुचाकी

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते. पण राहनाळच्या किती पडव्यांत आज गाय बांधलेली आढळेल? त्या जागी दुचाकी उभी असते, आणि अलीकडे ती विजेवर चालणारी असते. ह्या दिवशी घरातील चार्ज होणाऱ्या सर्व वस्तूंची पाहणी करावी.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीच्या बॅटरीचा रात्री स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. ह्या बॅटऱ्यांतील लिथियमचे घट एकदा बेभान तापले की त्यांची उष्णता त्यांनाच अधिक पेटवीत जाते. म्हणून दुचाकीची बॅटरी माणसे झोपलेल्या खोलीत चार्ज करू नये, रात्रभर तर नाहीच. चार्जर त्याच कंपनीचा वापरावा. उन्हातून आणलेली बॅटरी निवल्यावरच लावावी. फुगलेली मोबाईलची बॅटरी दाबून बसविण्याऐवजी काढून टाकावी, आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली किंवा गादीवर ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाहेर पडण्याच्या एकमेव दारात दुचाकी चार्ज करू नये. त्या नववधूने दार अडविले ते यमासाठी. आपण ते आपल्याच माणसांसाठी अडवून ठेवतो. गाळ्यात कामगार झोपले असता बाहेरून कुलूप लावणे हा तर ह्याहून मोठा अपराध आहे. चोरीच्या भीतीने लावलेले ते कुलूप आगीच्या वेळी आतल्यांचा जीव घेते.

धनत्रयोदशी : धनाची राखण

पूर्वी धन तिजोरीत असे. आता ते खिशातल्या फोनमध्ये असते. धन्वंतरीच्या व धनाच्या पूजेपूर्वी घरातील ज्येष्ठांना व मुलांना एकत्र बसवून तीन गोष्टी सांगाव्या. पैसे घेण्यासाठी कधीही पिन घालावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. बँकेचा माणूस ओटीपी विचारीत नाही. विचारणारा भामटा समजावा. आणि कायद्यात 'डिजिटल अटक' नावाचा प्रकारच नाही. पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओवर धमकावणाऱ्याचा फोन सरळ बंद करावा.

सणाच्या दिवसांत 'तुमचे पार्सल अडकले आहे, पत्ता दुरुस्त करा' असे संदेश येतात. पार्सलांच्या गावात राहणाऱ्यांनाही ते खरे वाटतात! त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये. मागणी ज्या ॲपवर नोंदविली, तेथेच जाऊन चौकशी करावी. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम मध्येच थोपविली जाण्याची आशा अधिक.

नरकचतुर्दशी : अभ्यंगस्नान

पहाटेची थंडी, अंगाला तेल, ओले हात, ओली फरशी आणि एकामागून एक स्नानासाठी थांबलेली मंडळी. विजेच्या व घसरण्याच्या अपघाताला ह्याहून अनुकूल घटका वर्षात दुसरी नसेल. ओल्या त्वचेतून वीज सहज वाहते. पाणी तापविण्याचा रॉड प्रथम पाण्यात सोडून मगच बटण दाबावे, आणि बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्यात बोट घालू नये. धातूच्या बादलीत रॉड वापरण्याचा मोह टाळावा. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो. तो सहा अँपिअरच्या लहान प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालविला की तार भिंतीआड तापत राहते आणि कोणाला त्याचा पत्ता लागत नाही.

मीटरच्या फळीवर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे, तीस मिलिअँपिअरचे यंत्र बसविलेले असावे. कारागीर त्याला ईएलसीबी म्हणून ओळखतात. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज गेली म्हणजे यंत्र जागे आहे. भिवंडी परिमंडळातील वीजवितरण २६ जानेवारी २००७ रोजी टोरंट कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने सोपविले गेले. वितरण कोणाकडेही असो, मीटरपुढची घरातील तार ही घरवाल्याचीच जबाबदारी असते.

गॅसचा गीझर न्हाणीघरात बसविला असेल, तर विशेष जपावे. झरोका बंद असता तो सलग चालला की कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, चक्कर येते आणि आतला माणूस हाक मारण्यापूर्वीच कोसळतो. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असणे हाच खरा उपाय. तोपर्यंत बादल्या भरून घ्याव्या, गीझर बंद करावा, दार काही वेळ उघडे ठेवावे आणि मगच स्नानाला जावे. वृद्धांनी तेल लावून चालण्याच्या वाटेवर गोणपाट अंथरावे, आणि न्हाणीची कडी आतून लावू नये.

लक्ष्मीपूजन : ज्योतीची जागा

आपल्याकडे ह्या दिवशी केरसुणीला लक्ष्मी मानून तिची पूजा होते. पूजेपूर्वी त्याच केरसुणीने मीटरखालचा, माळ्यावरचा आणि जिन्याखालचा कचरा काढावा. चिंध्या, पुठ्ठे, सुताचे पेळू आणि मागाची धूळ ह्यांना पेटण्यास एक ठिणगी पुरते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो. आपल्या समया, पणत्या आणि रांगोळीतले दिवेही जमिनीवरच असतात! म्हणून सिलिंडर ज्या खोलीत आहे, तेथे जमिनीवर दिवा ठेवू नये. गॅसचा वास येताच दिवे शांत करण्याच्या आधी रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ वर कळवावे.

विजेच्या माळा आय. एस. आय. चिन्हाच्या असाव्या, तुटलेल्या तारेला चिकटपट्टी गुंडाळून पत्र्याच्या छपरावरून माळ नेऊ नये. पत्र्यात वीज उतरली की अवघे घर धोक्यात येते. झोपण्यापूर्वी माळा बंद कराव्या.

फटाक्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली आणि केवळ कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांना मुभा ठेवली. राहनाळपुरते आम्ही आणखी एक सांगू. गोदामांच्या शेजारी बाण उडवू नयेत. पत्र्याच्या फटीतून आत शिरलेली ठिणगी तासाभराने पेट घेते आणि तेव्हा अंगणात कोणीच नसते. मुलांच्या अंगावर सुती कपडे असावे. भिवंडीच्या मागांवर विणले जाणारे कृत्रिम धाग्याचे कापड दिसायला देखणे, पण पेटले की वितळून कातडीला चिकटते. पाण्याची बादली जवळ असावी आणि विझलेल्या फुलबाज्यांच्या तप्त तारा तिच्यातच टाकाव्या.

पाडवा : घराची वही

बलिप्रतिपदेला व्यापारी नवी वही घालतात. गृहस्थानेही एक वही घालावी. तिला एकच पान पुरे. वीज व गॅसचे ग्राहक क्रमांक, नळी बदलल्याची तारीख, वायरिंग तपासल्याची तारीख, विम्याची मुदत, प्रत्येकाचा रक्तगट, नेहमीची औषधे आणि पुढील क्रमांक : अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, कोणत्याही संकटासाठी ११२, गॅसगळतीसाठी १९०६, सायबर फसवणुकीसाठी १९३०. हे पान दाराच्या आतल्या बाजूस लावावे आणि त्याची एक प्रत शेजाऱ्याकडे द्यावी. फोनमध्ये सारे काही असते, ही समजूत फोन बंद पडेपर्यंतच खरी असते. आणीबाणीत शोधाशोधीत जाणारी पाच मिनिटे हे पान वाचविते. ह्याहून फलदायी हिशेब कोणत्याही वहीत लिहिला जात नसेल.

भाऊबीज : ओवाळणीत काय द्यावे

बहिणीला साडी अवश्य द्यावी. पण ओवाळून घेण्यापूर्वी भावाने तिच्या घरची गॅसची नळी, न्हाणीतला प्लग आणि दारातली वाट एकदा पाहावी. गळती तोडणारे यंत्र बसवून देणे किंवा नळी बदलून देणे ही ओवाळणी ताटात दिसणार नाही, पण वर्षानुवर्षे राखण करील. बहिणीनेही भावाला सांगावे की, भाजल्या जागेवर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे वाहू द्यावे. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा बर्फ लावू नये. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावे. विजेला चिकटलेल्या माणसास हाताने ओढू नये, आधी मुख्य बटण बंद करावे. डोळ्यांत ठिणगी गेली तर चोळू नये, पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जावे.

भाऊबिजेची ओवाळणी पाहुणचारापुरती मानली जाते, पण तिच्या कथेतही यम आहेच. यमी आपल्या भावाला ओवाळते आणि तो तिला वर देतो. पाच-सहा दिवसांच्या ह्या उत्सवाच्या आरंभी यमासाठी दिवा आणि अखेरीस त्याच्याच बहिणीचे औक्षण! पूर्वजांनी आनंदाच्या दोन्ही टोकांना मृत्यूचे भान बांधून ठेवले, ह्यात आम्हांस त्यांची घरावरची मायाच दिसते.

सुट्टीत राहनाळच्या कित्येक खोल्यांना कुलपे लागतील. मंडळी गावी जातील. निघण्यापूर्वी रेग्युलेटर व मुख्य बटण बंद करावे, देव्हाऱ्यातला दिवा शांत करावा, किल्ली शेजारी द्यावी. मागे राहणाऱ्यांनी रात्री एकदा गल्लीतून फेरी मारून जळका वास, लुकलुकणारी तार, दारात आडवी उभी राहिलेली गाडी ह्यांकडे पाहावे. ती बंद खोली कोणाची, तो माणूस कोणत्या प्रांताचा, हे आग विचारीत नाही. शेजारधर्मानेही विचारू नये.

यमदीप वाचकांनी दक्षिणेला अवश्य लावावा. तो लावून आत वळताना त्याच उजेडात आपल्या दाराकडे, तारेकडे आणि शेगडीकडेही एक दृष्टिक्षेप टाकावा. ही दीपावली राहनाळच्या आणि सर्वच वाचकांच्या घरी सुखाने यावी आणि घरातले एकही माणूस कमी न करता सुखाने जावी, हीच प्रार्थना.